चाल गळ्यावर सोपवा

“गाण्याची चाल मला एका बोटाने बरोबर वाजवता येते. एकही सूर चुकत नाही. मग ते गाणं त्या गाण्यासारखं का वाटत नाही?”

घरात कॅसिओ आला की पंधरा दिवसांच्या आत कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. (कंपनी कुठलीही असो, आपल्याकडे कीबोर्डला कॅसिओच म्हणतात. मीही इथे तसंच म्हणणार आहे.) मी तो वयाच्या 47 व्या वर्षी विचारला, माझ्या 22 वर्षांच्या भाचीला. लहानपणची सात-आठ वर्षं पेटीच्या क्लासात गेलेली असल्यामुळे सूर हुडकायला मला वेळ लागत नव्हता. उजव्या हाताने मी चाल झोकात वाजवून दाखवली. भाची म्हणाली, “मामा, छान आहे रे, पण ही मोबाइलची रिंगटोन झाली. तू चाल कशाला वाजवतोयस? ती गायची असते. हातांना दुसरं काम आहे.”

ते दुसरं काम काय, एवढाच या प्रकरणाचा विषय. पियानो शिकायला वर्षं लागतात हे खरं. पण एखादं संथ पॉप गाणं पियानोवर धरून स्वतः गाता येणं, ही त्यातली एक छोटी, स्वतंत्र गोष्ट आहे आणि ती महिन्याभरात जमू शकते. रोज वीस मिनिटं बसलात तर.

1. गाणं कुठलं घ्यायचं

आपण ‘लेट इट बी’ घेऊ. बीटल्स या ब्रिटिश बँडचं हे गाणं मार्च 1970 मध्ये बाजारात आलं. पॉल मॅकार्टनीने ते रचलं, गायलं आणि पियानोही त्यानेच वाजवला. त्याची आई मेरी 1956 मध्ये गेली, तेव्हा तो 14 वर्षांचा होता. पुढे बँड फुटायच्या बेतात आला असताना ती त्याच्या स्वप्नात आली आणि त्यातून हे गाणं सुचलं, असं त्याने अनेकदा सांगितलं आहे. गाण्यात मेरीचं नाव येतं ते तिचं. पुष्कळ ऐकणारे तिला येशूची आई समजतात, आणि मॅकार्टनीची त्याला काही हरकत नाही.

पॉप बॅलड म्हणजे काय, तर ढोबळमानाने त्यांच्याकडचं भावगीत: संथ लय, मनातली गोष्ट, दोन-तीन कडवी आणि परत परत येणारं ध्रुवपद. ‘लेट इट बी’ आपल्या कामाचं आहे ते तीन कारणांनी. त्याची लय मिनिटाला सुमारे 70 मात्रांची, म्हणजे आरामशीर चालण्याची. ते जवळजवळ सगळं पांढऱ्या पट्ट्यांवर बसतं. आणि त्यात मुख्य कॉर्ड आहेत फक्त चार.

नोटेशनची काळजी असेल तर ती आत्ताच सोडा. मॅकार्टनीला स्वतःला पाश्चात्त्य नोटेशन लिहिता-वाचता येत नाही, आणि हे तो लपवतही नाही.

2. साथ दोन प्रकारची

आपल्याकडचा पेटीवाला गवयाच्या मागून, एका श्वासाच्या अंतराने जातो. गवयाने जी जागा घेतली तीच तो पट्ट्यांवर उमटवतो. गवई श्वास घ्यायला थांबला की ती रिकामी जागा तो भरतो. चांगल्या साथीची आपली व्याख्याच ती: सावलीसारखी. आपल्या संगीत नाटकांत पायाने हवा भरायचा ऑर्गन होता, म्हणजे दोन्ही हात मोकळे. तरीही साथ चालीचीच होई. दुसरं काही वाजवावं असं कुणाला वाटलं नाही, कारण आपल्या संगीताला त्याची गरज नव्हती. खाली तानपुऱ्याचा अखंड षड्ज, वर चाल. एवढ्यात सगळं विश्व मावत होतं.

पॉप गाण्यातला पियानो सावली होत नाही. तो जमीन होतो. गाणारा चालतो आणि पावला-पावलाला पायाखालची जमीन बदलते: कधी फरशी, कधी माती, कधी वाळू. चालीतला सूर तोच राहिला तरी खालची जमीन बदलली की तो सूर वेगळा लागतो. एका बोटाने वाजवलेली चाल रिंगटोनसारखी वाटते ती यामुळे. तीत चालणारा आहे, पण तो अधांतरी चालतोय.

हा प्रकार आपल्या कानांना नवा मात्र नाही. हिंदी चित्रपटसंगीतात ही जमीन घातली ती बऱ्याच अंशी गोव्याच्या वादकांनी. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. त्यातली पुष्कळ मुलं पुढे मुंबईत आली. शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यवृंदाची मांडणी करणारे सेबॅस्टियन डिसूझा, प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस ही माणसं गोव्याची. ‘अंदाज’ (1949) मध्ये पियानोशी बसलेला दिलीपकुमार आठवत असेल, तर त्यानंतर तसे किती नायक पियानोशी बसले हेही आठवेल. आपण तीन पिढ्या कॉर्ड ऐकत आलो. फक्त त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

3. तीन पट्ट्या एकदम

आता पट्ट्यांकडे बघा. काळ्या पट्ट्या दोन-दोन आणि तीन-तीनच्या जुडग्यांत आहेत. दोनच्या जुडग्याला डावीकडून चिकटलेली पांढरी पट्टी म्हणजे पेटीवाल्यांची ‘पांढरी एक’. पाश्चात्त्य तिला सी म्हणतात. पूर्ण पियानोवर 88 पट्ट्या असतात, 52 पांढऱ्या आणि 36 काळ्या, तेव्हा अशा पांढरी एक अनेक सापडतील. मधोमध, तुमच्या पोटासमोर येईल ती निवडा. या प्रकरणापुरता तिला ‘सा’ म्हणू. मग ओळीने पांढऱ्या पट्ट्या रे, ग, म, प, ध, नी.

सा, ग आणि प एकदम दाबा. हा झाला पहिला कॉर्ड. नाव सी, कारण तो सी वर उभा आहे.

एकदम वाजवलेले कुठलेही तीन सूर असे गोड लागत नाहीत. सा, रे, ग एकदम दाबून पाहा. लोकलमध्ये चौथ्या सीटवर पाचवा माणूस बसल्यासारखं होतं. सा, ग, प मात्र ऐसपैस बसतात. त्याचं कारण तुम्ही तानपुऱ्यात ऐकलेलं आहे. तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून, कुणी न छेडता, गंधार ऐकू येऊ लागतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तार नुसती एका स्वरात कंप पावत नाही. तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वेगाचे बारीक कंपही तिच्यात असतात. तिप्पट वेगाचा कंप म्हणजे पंचम, पाचपट म्हणजे गंधार. थोडक्यात, सा, ग, प हा कॉर्ड एकाच तारेच्या पोटात असतो. पियानोवर आपण तो बाहेर काढून तीन पट्ट्यांवर ठेवतो.

आकड्यांत पाहायचं तर मध्य सप्तकातला पांढरी एकचा सा सेकंदाला सुमारे 261.6 कंपनांचा. प 392.0. या दोघांशी 4:5:6 असं नातं जुळायचं तर ग 327 च्या आसपास हवा. पियानोचा ग असतो 329.6, म्हणजे किंचित चढा. तानपुऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला तो टोचतो. मला आजही टोचतो. बारा पट्ट्या सारख्या अंतरावर बसवून कुठूनही गाणं उचलता यावं, यासाठी मोजलेली ती किंमत आहे. कुरकुर करून झाली की पुढे चला.

4. चार घरं, तीन घरं

सापशिडीत मोजतो तशी घरं मोजू. काळी असो की पांढरी, लागून असलेली प्रत्येक पट्टी एक घर. सा पासून ग पर्यंत जा: कोमल रे, रे, कोमल ग, ग. चार घरं. ग पासून प: म, तीव्र म, प. तीन घरं. खाली चार, वर तीन. अशा रचनेच्या कॉर्डला मेजर म्हणतात.

आता ध, सा, ग हे तीन सूर घ्या. ध ही मधल्या सा च्या डावीकडची. ध पासून सा: कोमल नी, नी, सा, म्हणजे तीन. सा पासून ग चार. खाली तीन, वर चार. क्रम उलटला. हा मायनर कॉर्ड, नाव ए मायनर.

दोन्ही वाजवून ऐका. ध आणि त्याच्या वरचा ग यांच्यात एकूण सात घरं, सा आणि प यांच्यातही सातच. फक्त मधला सूर एक घर खाली सरकला, आणि खोलीतला दिवा मंद केल्यासारखं झालं. सगळे म्हणतात मेजर आनंदी आणि मायनर दुःखी. मला हे फार शाळकरी वाटतं. ‘लेट इट बी’मधला ए मायनर रडत नाही, तो क्षणभर आत वळून बघतो, एवढंच.

उरलेले दोन कॉर्ड मोजून बघा. प, नी, रे: चार आणि तीन, म्हणून मेजर, नाव जी. म, ध, सा: पुन्हा चार आणि तीन, नाव एफ.

आपले चार कॉर्ड झाले:

सी: सा ग प
जी: प नी रे
ए मायनर: ध सा ग
एफ: म ध सा

गाण्याची पहिली ओळ या क्रमाने चालते: सी, जी, ए मायनर, एफ. दुसरी: सी, जी, एफ आणि परत सी. प्रत्येक कॉर्डला दोन मात्रा. बहुतेक सगळं कडवं यातच संपतं. ध्रुवपदात हीच मंडळी वेगळ्या क्रमाने येतात.

जी मध्ये नी आहे, आणि नी ला सा ची ओढ असते हे आपल्याला कुणी सांगायला नको. गवयाने निषादावर ठाण मांडलं की सभागृह सा ची वाट बघू लागतं. जी नंतर सी यावासा वाटतो तो त्या ओढीने. पण ‘लेट इट बी’ची ओळ जी वरून सी वर न येता एफ वरून सी वर येते. एफ मध्ये नी नाही. सा मात्र आहे, तोच पुढे सी मध्येही राहतो. त्यामुळे घरी धावत न येता, दारात चपला काढून सावकाश आत आल्यासारखं होतं. चर्चमध्ये प्रार्थनेच्या शेवटी ‘आमेन’ म्हणतात ते याच दोन कॉर्डांवर. गाणं ऐकताना प्रार्थनेची आठवण होते त्यात शब्दांइतकाच या उतरण्याचा हात आहे.

5. हात जवळजवळ हलतच नाही

नवशिक्यांचा सगळ्यात मोठा घोळ इथे होतो, आणि माझा तर फारच झाला. वर लिहिलेले चार कॉर्ड जसेच्या तसे वाजवायचे म्हटले तर उजव्या हाताला उड्या माराव्या लागतात. सी वरून प कडे उडी, तिथून ध कडे, तिथून परत म कडे. पहिला आठवडा मी तेच करत होतो. डोळे पट्ट्यांवर खिळलेले, कॉर्ड उशिरा, गाणं ठेचा खात.

भाचीने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, “हात उचलायचा नाही. जिथे आहे तिथूनच पुढचा कॉर्ड शोध.”

युक्ती अशी की कॉर्डमधले सूर महत्त्वाचे, त्यांचा क्रम नाही. जी म्हणजे प नी रे, पण तो नी रे प असाही वाजवता येतो. घरातली तीच तीन माणसं; सोफ्यावर कोण कुठे बसलंय एवढाच फरक. मग असा क्रम निवडायचा की बोटांना कमीत कमी सरकावं लागेल.

उजव्या हाताची तीन बोटं धरा: अंगठा, मधलं बोट, करंगळी. सा, ग, प वर ठेवा. आता सावकाश.

सी वरून जी: करंगळी प वर तशीच राहू द्या. अंगठा सा वरून नी वर, मधला सूर ग वरून रे वर. दोघं एकेक पांढरी पट्टी डावीकडे. झालं नी रे प. (इथे मधल्या बोटाऐवजी तर्जनी आली तर हात मोकळा राहतो. करून बघा, पटेल.)

जी वरून ए मायनर: तिन्ही बोटं एकेक पांढरी पट्टी उजवीकडे. नी चा सा, रे चा ग, प चा ध. सगळा पंजा शेजारच्या खुर्चीत सरकतो तसा.

ए मायनर वरून एफ: अंगठा सा वर स्थिर, करंगळी ध वर स्थिर. फक्त मधला सूर ग वरून म वर.

एफ वरून परत सी: अंगठा स्थिर. म चा ग, ध चा प.

मोजा. दोन, तीन, एक, दोन. संपूर्ण फेरीत बोटांच्या आठ हालचाली, आणि त्यातली एकही शेजारच्या पांढऱ्या पट्टीपलीकडे जात नाही. एका कॉर्डवरून दुसऱ्यावर उडी न मारता असं सरकणं, हेच पियानोवरच्या साथीचं मर्म आहे. ऐकणाऱ्याला कॉर्ड बदलला असं जाणवतच नाही. उजेड बदलला असं वाटतं.

दुसऱ्या ओळीत एक खाचखळगा आहे. तिथे जी नंतर ए मायनर येत नाही, थेट एफ येतो. नी रे प वरून सा म ध. अंगठा आणि करंगळी एकेक पट्टी सरकतात, पण मधल्या सुराला रे वरून ग ओलांडून म वर जावं लागतं. सगळे जण इथेच अडखळतात, कारण पहिल्या ओळीने हाताला वेगळी सवय लावलेली असते. तेवढाच तुकडा वेगळा काढा: जी, एफ, जी, एफ. वीस वेळा. बाकीचं गाणं तोवर राहू द्या.

आणखी एक. पट्टी दाबताना बोटाचं शेवटचं पेर आत मोडू देऊ नका. तळहातात लिंबू धरलंय अशी कमान असू द्या. पेटीवर बोटं सपाट पडली तरी चालून जातं, कारण पेटीचा जोर भात्यात असतो. पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच. पियानोचा सगळा जोर बोटात. इटलीत फ्लोरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने 1700 च्या सुमारास हे वाद्य बनवलं ते याचसाठी. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डवर आवाज कमी-जास्त करण्याची सोय बोटात नव्हती. नव्या वाद्याच्या मूळ लांबलचक नावात ‘पियानो’ आणि ‘फोर्ते’, म्हणजे हळू आणि जोरात, असे दोन शब्द होते. त्यातला हळूच शिल्लक राहिला.

6. डावा हात

माझा डावा हात पहिले काही दिवस हवेत पुढे-मागे व्हायचा. भाता नव्हता, पण सवय होती. भाचीने त्याचा व्हिडिओ काढून सगळ्या मावश्यांना पाठवला.

त्या हाताला काम दिलं की तो शांत होतो. मधल्या सा च्या बरोबर एक सप्तक डावीकडे जो सा आहे, त्यावर डाव्या हाताचा अंगठा ठेवा. उरलेली बोटं ओळीने खाली: तर्जनी नी, मधलं ध, अनामिका प, करंगळी म. आता हे बघा. सी ला सा हवा: अंगठा. जी ला प: अनामिका. ए मायनरला ध: मधलं बोट. एफ ला म: करंगळी. चारही कॉर्डांचे पाये एका पंजात आले. तर्जनी अख्खं गाणंभर नुसती बसून राहते.

दर कॉर्डला डाव्या हाताचं एकच बोट, एकदाच. यापेक्षा जास्त करू नका. नवशिका डाव्या हाताने फार काही करायला गेला की गाणं चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरसारखं होतं, कारण खालचे सूर एकमेकांत पटकन मिसळतात.

7. मात्रा

चार कॉर्ड गुणिले दोन मात्रा म्हणजे आठ. केरव्याचं एक आवर्तन. हा हिशेब सोयीचा आहे, पण त्यावर फार विसंबू नका. तबल्याच्या सवयीने आपण समेवर वजन टाकतो. पॉप गाण्यात चारच्या घरातल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ड्रमचा कडक ठोका पडतो. त्या गाण्यावर टाळ्या वाजवायच्या तर त्याच मात्रांवर. समेवर टाळी दिलीत तर गाणं नाहीसं होत नाही, पण त्याचं भजन होतं.

अभ्यास तीन पायऱ्यांनी करा. आधी दर कॉर्डला दोन्ही हात एकदाच, आणि लय मिनिटाला 40 मात्रा. म्हणजे एका कॉर्डला तीन सेकंद. हे कंटाळवाणं आहे, आणि घाई करणारा प्रत्येक जण याच पायरीवर परत येतो. हात न बघता चार फेऱ्या झाल्या की दुसरी पायरी: उजव्या हाताने दर मात्रेला कॉर्ड वाजवायचा, डाव्याने कॉर्ड बदलेल तेव्हाच. इथे गाणं एकदम गाण्यासारखं वाटू लागतं. असं का होतं? पेटीचा सूर पट्टी दाबलेली असेपर्यंत राहतो, पियानोचा मात्र वाजल्या क्षणापासून विझायला लागतो. तो विझायच्या आत परत पेटवावा लागतो, आणि त्या परत परत पेटवण्यातूनच बॅलडची संथ धडधड तयार होते.

तिसरी पायरी फक्त लय 70 पर्यंत नेण्याची. रोज पाच-पाचने वाढवा. तेव्हा एका कॉर्डला पावणेदोन सेकंदही मिळत नाहीत.

8. पाय

पियानोच्या खाली उजवीकडचं पेडल. कॅसिओला ते वेगळं विकत घेऊन जोडावं लागतं. ते घ्या, पैसे वाया जाणार नाहीत.

आत काय होतं ते आधी. जवळजवळ प्रत्येक सुराच्या तारांवर नमद्याची एक छोटी गादी टेकलेली असते. पट्टी दाबली की गादी उचलली जाते, हातोडी तारेवर आपटते. पट्टी सोडली की गादी परत बसते, सूर थांबतो. पेडल दाबलं की सगळ्या गाद्या एकदम वर. आता बोट उचललं तरी सूर गुंजत राहतो.

नवशिका पेडल दाबतो आणि खूश होऊन तसंच धरून ठेवतो. मग सी मध्ये जी मिसळतो, जी मध्ये ए मायनर, आणि चार मात्रांत सगळं गढूळ. पाटी न पुसता त्यावर परत लिहावं तसं. पाटी पुसायची ती नेमकी कॉर्ड बदलताना: नवा कॉर्ड वाजतो त्याच क्षणी पाय वर, आणि लगेच, बोटं पट्ट्यांवर असतानाच, पाय परत खाली. हात खाली तेव्हा पाय वर. आपलं शरीर दोन्ही एकदम खाली न्यायला बघतं. मला याला नऊ दिवस लागले. दोन दिवस तर मी पियानो न वाजवता जेवणाच्या टेबलाशी बसून नुसते हात आणि पाय हलवत होतो.

9. आता गा

हात आपोआप फिरू लागले की मगच गळा उघडा. आधी शब्द नकोत, नुसतं गुणगुणा. चालीतला सूर आणि कॉर्डमधला सूर कुठे जुळतात, कुठे घासतात, हे कानाला कळू द्या. गुणगुणताना उजव्या हाताची करंगळी चालीच्या मागे जायला बघेल. ती पेटीवाल्याची करंगळी आहे, तिची चूक नाही. तिला प वर, ध वर बसवून ठेवा.

मग शब्द. इथे आपल्याला एक फायदा आहे. ओळीचे पहिले शब्द पहिल्या कॉर्डच्या किंचित आधी उठतात आणि समेवर येऊन पडतात. परदेशी पुस्तकं यासाठी एक अख्खं प्रकरण खर्च करतात. आपण मुखडा समेआधी उचलून समेवर आणतच मोठे झालो. एकदा तसं मनात धरलं की जमतं.

पट्टी झेपत नसेल तर? मॅकार्टनी पांढरी एकमधून गातो, तेही बऱ्यापैकी चढं. काळी चारमधून गाणाऱ्या बाईला किंवा खालच्या आवाजाच्या पुरुषाला ते अवघड जाईल. कॅसिओवर ट्रान्सपोजची सोय असते. पट्ट्या त्याच दाबायच्या, आवाज वरचा किंवा खालचा निघतो. पियानो शिकवणारे काही जण याला फसवणूक म्हणतात. पेटीला स्केल चेंजर लावणाऱ्या देशात हा आक्षेप कितपत टिकेल, मला शंका आहे.

गाण्यात मध्ये एक छोटा वाद्यांचा तुकडा येतो, पायरी-पायरीने खाली उतरणारा. जानेवारी 1969 मध्ये लंडनमध्ये झालेल्या मूळ ध्वनिमुद्रणात बिली प्रेस्टन ऑर्गनवर होता, आणि या उतरणीत त्याचा ऑर्गन छान ऐकू येतो. त्या उतरणीवर एकदाच कोमल नी लागतो. सबंध गाण्याच्या पांढऱ्या पट्ट्यांत ती एक काळी. मी अजून तिथे पोचलो की थांबतो, तेवढा तुकडा तोंडाने म्हणतो आणि पुढच्या कडव्याला परत हात टेकतो. भाची म्हणते, पुढच्या महिन्यात.